दूरच्या गावांचा भाजीपाला : मेळघाटातील उणिवेचे महिने आणि परसबागेची आखणी

खेड्यात अन्न पिकते, तेव्हा खेड्यातच अन्नाची वाण पडण्याचे कारण काय, असा प्रश्न शहरात राहणारा मनुष्य सहज विचारतो. खेड्यातील मनुष्यास हा प्रश्न पडत नाही. धान्य, डाळ, तेल, भाजी, फळ, दूध या निरनिराळ्या वस्तू असून त्यांपैकी एक घरात असली म्हणजे बाकीच्याही असतात असे नाही, हे त्यास रोजच्या व्यवहाराने ठाऊक असते. कणगीत ज्वारी आहे पण आठ दिवसांत पालेभाजी चुलीवर चढलेली नाही, अशी घरे डोंगराळ तालुक्यांत पुष्कळ आढळतात. ही उणीव सहज डोळ्यांत भरत नाही. पोट भरलेले असते. परंतु बाळंतिणीचे रक्त भरून येत नाही आणि मुलाची वाढ खुंटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के व ६ ते ५९ महिन्यांच्या बालकांपैकी ६८.९ टक्के रक्तक्षयी आढळली. रक्तक्षयास इतर कारणेही आहेत, तथापि ताटातील भाजी व डाळ यांची उणीव हे त्यांतील एक मोठे कारण आहे.

अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ साली आपल्या देशाचा एक नकाशा प्रसिद्ध केला. ज्या गरीब वस्तीतील बऱ्याच लोकांस ताजे अन्न विकणारे मोठे दुकान ग्रामीण भागात १० मैलांहून, म्हणजे सुमारे १६ किलोमीटरांहून, आणि शहरात एका मैलाहून दूर पडते, ती वस्ती त्या नकाशात ‘अन्नाचे वाळवंट’ म्हणून दाखविलेली होती. कल्पना उपयुक्त आहे, कारण अन्नाचा विचार केवळ उत्पादनाने न करता अंतराने करावयास ती शिकविते. परंतु ते माप येथे जसेच्या तसे लावता येणार नाही. तेथील ग्रामीण कुटुंबापाशी बहुधा मोटार असते आणि दुकान रोज उघडे असते. आपल्याकडे बाजार आठवड्यातून एक दिवस भरतो. जाणे पायी किंवा वडापच्या गाडीने, येणे डोक्यावर ओझे घेऊन, आणि बाजारास गेले म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून येथे अंतर मोजावयाचे ते मैलांनी नव्हे, तर दोन बाजारांमधील दिवसांनी व उचलता येणाऱ्या ओझ्याने.

मेळघाट हा या दृष्टीने अभ्यासण्यासारखा प्रदेश आहे. अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्यात वसलेले धारणी व चिखलदरा हे दोन तालुके म्हणजे मेळघाट. गावे तीनशेहून अधिक, वस्ती बहुतांशी कोरकूंची, आणि बराचसा मुलूख जंगलाखाली. जिल्ह्याचे ठिकाण धारणीपासून शंभर किलोमीटरांहून अधिक दूर आहे. पायथ्याचे परतवाडा ही चिखलदऱ्याकडील गावांची पेठ. धारणीच्या पश्चिमेकडील गावांस मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जवळ पडते. १९९३ साली येथील कुपोषित बालकांच्या मृत्यूंची वार्ता राज्यभर पसरली. त्यानंतर १९९५ साली आदिवासी भागासाठी नवसंजीवन योजना सुरू होऊन पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या गावी धान्य आगाऊ पोचवून ठेवण्याची व्यवस्था करण्यात आली.

धान्य पोचले, भाजी पोचली नाही

धान्याच्या बाबतीत झालेले काम लहान नाही. अंत्योदय शिधापत्रिकेवर कुटुंबास दरमहा ३५ किलो धान्य मिळते. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा (२०१३) याअन्वये प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले आहे. दरमाणशी ५ किलो म्हणजे रोजचे सुमारे १६५ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या आहारमार्गदर्शनात २००० कॅलरींच्या आहारात रोजचे धान्य २५० ग्रॅम धरले आहे. म्हणजे धान्याचा निम्म्याहून अधिक भाग दुकानातून येतो व उरलेला शेतातून किंवा मजुरीतून भागतो.

त्याच मार्गदर्शनात भाजीपाला ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम आणि डाळी, अंडी अथवा मांस मिळून ८५ ग्रॅम धरले आहे. आता पाच माणसांच्या कुटुंबाचा हिशेब करून पाहावा. भाजी रोज २ किलो, आठवड्यास १४ किलो. डाळ आठवड्यास सुमारे ३ किलो. एवढे ओझे बाजाराहून सात-आठ किलोमीटर डोक्यावर आणावयाचे, आणि त्यावर तेल, मीठ, साबण व मिरची वेगळी. पैशाची गोष्ट बाजूस ठेवली तरी हे ओझे स्त्रीच्या मानेस पेलणारे नाही.

ओझे पेलले तरी भाजी टिकत नाही. मेथी, चवळाई, पालक वैशाखाच्या उन्हात दुसऱ्या दिवशी माना टाकतात. वांगी, भेंडी तीन-चार दिवस निघतात. त्यापुढे टोपल्यात उरतात ते कांदे, बटाटे व सुकी मिरची. म्हणून दूरच्या गावातील गृहिणी बाजारात पालेभाजी घेतच नाही, किंवा घेतली तर एक जुडी, तीही त्याच संध्याकाळी संपविण्यासाठी. यास अज्ञान म्हणणे चूक होय. टिकेल तेच घ्यावे हा तिचा हिशेब अगदी बरोबर आहे. आणि त्या बरोबर हिशेबामुळेच ताट कोरडे राहते.

गावातील किराणा दुकानाचाही हाच न्याय आहे. बिस्किटे, तळलेल्या पदार्थांच्या रंगीत पुड्या आणि गोळ्या महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून त्या जंगलातील शेवटच्या पाड्यापर्यंत पोचतात. टोमॅटोची पेटी आणली तर अर्धी सडणार हे दुकानदारास ठाऊक असते. त्यास दोष देण्यात अर्थ नाही. नासणारी वस्तू दूर जात नाही आणि जाते तेव्हा महाग होऊन जाते, हा व्यापाराचा साधा नियम आहे. मोठ्या मंडईतून तालुक्याच्या पेठेत, तेथून आठवडी बाजारात अशा पायऱ्या उतरत भाजी येते. प्रत्येक पायरीवर हमाली व नासाडी तिच्या भावात चढत जाते, आणि शेवटच्या बाजारात सर्वांत शिळी भाजी सर्वांत गरीब गिऱ्हाइकास बऱ्याच वेळा सर्वांत चढ्या भावाने मिळते.

रस्ते सुधारल्याने हे अंतर काही अंशी कमी होईल. परंतु पालेभाजीस रस्ता हा उपाय पुरा पडत नाही. तिच्यावर उपाय एकच, तो म्हणजे ती खाणाऱ्याच्या दारात पिकली पाहिजे. यास्तव परसबागेचा पुरस्कार कृषी खाते, अंगणवाडी व उमेद अभियान यांच्याकडून केला जातो. बागा लागतातही, परंतु पुष्कळ ठिकाणी त्या टिकत नाहीत, आणि टिकल्या तरी गरजेच्या वेळी रित्या असतात. याचे मुख्य कारण आखणीत आहे.

उणिवेचे महिने कोणते?

परसबागेच्या बियाण्याची पाकिटे बहुधा पावसाळ्याच्या तोंडाशी वाटली जातात. पेरणीस ते सोयीचे असते, यात शंका नाही. परंतु जून ते सप्टेंबर या काळात मेळघाटात हिरव्या पाल्याचा तुटवडा नसतो. पहिल्या पावसाबरोबर तरोटा उगवतो; पुढे कुंजर, घोळ, रानातील चवळाई, बांधावरची अंबाडी, वेलीवरची काटवले ही सारी येतात, आणि ती ओळखणारी वडीलधारी माणसे घरोघर आहेत. २०२० पासून राज्यात ऑगस्ट महिन्यात रानभाजी महोत्सव भरविले जातात, ते याच संपत्तीची ओळख शहरवासीयांस व्हावी म्हणून. ज्या महिन्यांत जंगल भाजी देते त्याच महिन्यांत परसबागेनेही द्यावी, यात फार मोठा लाभ नाही.

ऑक्टोबरनंतर चित्र पालटते. रानभाज्या जून होतात, शेतातील ओल कमी होते. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे मजुरीसाठी मैदानी भागात उतरतात व होळीस परततात. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण. त्यासाठी दूर गेलेला मनुष्यही गावी येतोच. परत येतो तेव्हा घर चार महिने बंद असते, परसात काही नसते आणि पुढे उन्हाळा असतो. चिखलदऱ्याचा पाऊस विदर्भात भरपूर गणला जातो, पण उतारामुळे ते पाणी वाहून जाते व मार्च-एप्रिलमध्ये ओढे आटतात. जंगलात त्या वेळी मोहफुले, चारोळी, टेंभुर्णीची फळे असतात. हिरवा पाला मात्र क्वचित मिळतो. होळीपासून मृगाच्या पावसापर्यंतचे हे सुमारे तीन महिने म्हणजे खऱ्या उणिवेचे महिने होत. या काळात जी गर्भवती असते, अथवा ज्या बालकास नुकतेच वरचे अन्न सुरू झालेले असते, त्यांस ही उणीव भोवते.

म्हणून परसबागेचा विचार जूनपासून पुढे न करता होळीपासून मागे करावा. एप्रिल-मे महिन्यांत ताटात काय यावे हे प्रथम ठरवावे, आणि त्यासाठी कोणत्या महिन्यात काय लावावयाचे ते त्यावरून काढावे. शिवाय घर चार महिने बंद राहणार असेल तर हिवाळ्यात रोज पाणी मागणारी बाग त्या घरास उपयोगी नाही, हेही मान्य करावे. कोबी, फुलकोबीची रोपे वाटून स्थलांतर थांबत नाही.

अशा बागेचे तीन आधार आहेत : बारा महिने उभी राहणारी झाडे व वेल, होळीनंतर लगेच पेरावयाची पालेभाजी, आणि आधीच साठवून ठेवलेली भाजी.

बारमाही झाडे व वेल

यांत पहिला मान शेवग्याचा. पी.के.एम.-१ ही बियांपासून येणारी जात तमिळनाडूत पेरियाकुलम येथे निघाली असून ती आपल्याकडे चांगली येते. पावसाळ्याच्या आरंभी दीड-दोन फुटांचा खड्डा शेणखत व पोयट्याने भरून त्यात दोन बिया टोकाव्यात व पुढे एक जोमदार रोप ठेवावे. रोप कमरेएवढे झाले की शेंडा खुडावा, म्हणजे ते उंच न जाता फांद्या फोडते. ही खुडणी बहुतेकजण करीत नाहीत व मग पाला हाती येत नाही अशी तक्रार करतात. झाड हाताच्या उंचीवर ठेवावयाचे हा मुद्दा कायम ध्यानात ठेवावा. मूळ खोल जात असल्याने पहिले वर्ष पार पडले की कडक उन्हाळ्यातही ते तग धरते. फांदी ठिसूळ असते म्हणून झाड घराच्या छपरापासून दहा फूट दूर लावावे. पाच माणसांच्या घरास दोन झाडे पुरे होतात. शेंगा सर्वांस ठाऊक आहेत. येथे महत्त्व पाल्यास आहे. तो डाळीत घालावा, ज्वारीच्या पिठात मळून भाकरी करावी, आणि मिळेल तेव्हा वर लिंबू पिळावे, कारण आंबटाबरोबर पाल्यातील लोह अंगी अधिक लागते.

दुसरा वेल तोंडलीचा. फळ देत असलेल्या वेलाचे चार-पाच डोळ्यांचे, वीतभर लांबीचे फाटे जून-जुलैमध्ये लावावेत. बियांपासून लावल्यास नर वेल निघण्याचा धोका असतो. तुराट्यांच्या मांडवावर हा वेल अनेक वर्षे राहतो; थंडीत तो विसावा घेतो, म्हणजे घर बंद असते त्याच काळात; आणि उन्हाची ताप सुरू झाली की थोड्या पाण्यावर पुन्हा फुटतो. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबास इतका सोयीचा वेल दुसरा नाही. मोरीच्या पाण्यावर धोपा म्हणजे अळू, पपईची दोन झाडे व केळीचा एक बुंधा ठेवावा. अळू चिंच घालून चांगले शिजवावे, नाही तर घशास खाजते.

होळीनंतरची चवळाई

उन्हाळ्यासाठी पालकापेक्षा चवळाई, म्हणजे माठ, अधिक चांगली. पालकास थंडी मानवते, माठास उष्णता. होळीच्या आठवड्यात पेरलेला माठ २५ ते ३० दिवसांत पहिल्या तोडणीस येतो. एक वाफा पेरून मोकळे होऊ नये. पंधरा दिवसांच्या अंतराने तीन लहान वाफे पेरावेत. बी अतिशय बारीक असल्याने ते चौपट कोरड्या मातीत किंवा वाळूत मिसळून फेकावे, वरून केवळ चाळलेल्या शेणखताचा पातळ थर द्यावा आणि पहिले चार दिवस पाणी झारीने अथवा छिद्रे पाडलेल्या डब्याने द्यावे. याच वेळी बाजूच्या सरीत चवळी व गवार टोकावी. चवळीचा कोवळा पालाही भाजीस चालतो.

किती जागा लागेल, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. माठाचे उत्पन्न हेक्टरी १० ते १५ टन धरतात, म्हणजे एका चौरस मीटरमागे एक ते दीड किलो. पाच माणसांस रोज माणशी १०० ग्रॅम पाला द्यावयाचा तर दोन महिन्यांत ३० किलो लागेल व त्यास २० ते ३० चौरस मीटर जागा हवी. शेवगा व तोंडली यांनी निम्मा भार उचलला तर १० ते १२ चौरस मीटर पुरतात. एक खाट टाकल्यावर अंगणात उरेल एवढीच ही जागा आहे. एकूण ४०० ग्रॅम भाजीची गरज एवढ्यातून भागणार नाही. परंतु जो भाग बाजारातून कधीच येऊ शकत नाही तो भागेल.

खरा प्रश्न पाण्याचा. उन्हाळ्यात १० ते १२ चौरस मीटर वाफ्यास रोज साधारण ६० ते ७० लिटर, म्हणजे चार-पाच बादल्या पाणी लागते. विहिरीवरून डोक्यावर पाणी आणणाऱ्या स्त्रीस भाजीसाठी आणखी पाच बादल्या आणावयास सांगणे हा अन्याय होईल, आणि ती आणणारही नाही. म्हणून बाग घरातील वापरलेल्या पाण्यावरच बेतावी. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने दरमाणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. जेथे त्याहून कमी मिळते तेथेही पाच माणसांच्या भांडी धुण्याचे, तांदूळ-डाळ धुण्याचे व अंघोळीचे मिळून पाच बादल्या पाणी बहुधा निघते. राखेने घासलेल्या भांड्यांचे पाणी वाफ्यास द्यावे. साबणाचे पाणी पालेभाजीस न देता केळी, पपई व शेवग्याकडे वळवावे. वाफ्यावर सोयाबीनचे कुटार किंवा सागाचा-पळसाचा वाळलेला पाला बोटभर जाडीचा पसरावा व पश्चिमेच्या बाजूस तुराट्यांचा आडोसा करावा. तोंडलीच्या मांडवाखालीच माठाचा वाफा घेतला तर सावलीही मिळते व वेलास दिलेले पाणी वाफ्याच्याही कामी येते. ज्या पाड्यात मे महिन्यात टँकरशिवाय पाणी नसते, तेथे माठ सोडून द्यावा आणि बारमाही झाडे व साठवण यांवरच भर द्यावा.

कुंपणाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण परसबागा रोगाने फारशा मरत नाहीत. त्या शेळीच्या तोंडी जातात. उन्हाळ्यात शिवारात हिरवे काही नसते तेव्हा शेळी, कोंबडी व मोकाट ढोर यांचे लक्ष त्या एका वाफ्याकडेच असते. बोरीच्या काट्या व तुराट्यांचे दाट कुंपण पेरणीपूर्वी पुरे करावे. पेरून मग कुंपण करू म्हणणाऱ्याची बाग सहसा हाती लागत नाही.

माळ्यावरची भाजी

साठवणीच्या भाजीत लाल भोपळ्यास तोड नाही. वऱ्हाडात यासच कोहळे म्हणतात. पावसाळ्याच्या आरंभी उकिरड्याच्या कडेस टोकलेला वेल छपरावर चढतो हे दृश्य सर्वत्र आहे. परंतु ते फळ ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघते व उन्हाळ्यापर्यंत क्वचितच उरते. म्हणून दोन वेल ऑगस्टच्या शेवटी वेगळे टोकावेत, म्हणजे फळे डिसेंबर-जानेवारीत पिकतात. घर बंद राहणार असेल तर शेजारी मागे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाशी अर्धे-अर्धे ठरवावे. फळ देठाशी वाळले व सालीत नख रुतेनासे झाले की दोन बोटे देठ ठेवून कापावे; देठ मोडलेले फळ आधी खावे. आठ-दहा दिवस हवेशीर सावलीत ठेवून मग माळ्यावर गवतावर, एकमेकांस न लागेल असे मांडावे. असे निरोगी भोपळे तीन-चार महिने सहज टिकतात. पेठा करण्याचे पांढरे कोहळे तर याहून अधिक टिकते. भोपळ्याच्या पिवळ्या गरात डोळ्यांस हितकर असे अ जीवनसत्त्वाचे द्रव्य असते व तो मऊ शिजत असल्याने लहान मुलास देता येतो.

पाला वाळवून ठेवण्याची रीत नवी नाही, केवळ वेळ नीट धरावयास हवी. जुलै-ऑगस्टात रानभाजी विपुल असते तरी हवेत दमटपणा असल्याने ती वाळण्याऐवजी बुरसते. वाळवणास योग्य काळ ऑक्टोबर ते जानेवारी. ऑक्टोबरात अंबाडी व चवळीचा पाला, आणि पुढे हरभऱ्याचा. हरभरा महिना-सव्वा महिन्याचा झाल्यावर शेंडे खुडल्याने फांद्या वाढतात व पिकाचे नुकसान होत नाही. खुडलेला पाला मात्र फवारणी झालेल्या शेतातील नसावा. पाला धुऊन, निथळून, सावलीत पातळ पसरावा. थेट उन्हात वाळविल्यास रंग व सत्त्व दोन्ही जातात. हातात चुरला असता कुरकुरीत मोडला म्हणजे वाळला असे समजावे. मग कोरड्या डब्यात किंवा तोंड बांधलेल्या मडक्यात भरून चुलीपासून दूर ठेवावा. वाळलेल्या पाल्याने ताज्या भाजीची बरोबरी होणार नाही, कारण क जीवनसत्त्व वाळविण्यात बरेचसे नष्ट होते. लोह व चुना मात्र टिकून राहतात. मूठभर पाला बेसनात किंवा डाळीत शिजविला तर एका जेवणाची भाजी होते.

डाळ

भाजीपेक्षा डाळ सोपी, कारण ती टिकते. आणि तरीही डाळीची वाण पडते. याचे कारण शेतातच आहे. पूर्वी ज्वारी, कोदो, कुटकीबरोबर तूर, उडीद, कुळीथ पेरले जात. आता पुष्कळशी जमीन सोयाबीनखाली गेली आहे. सोयाबीनने रोख पैसा येतो, म्हणून त्यास नावे ठेवण्याचे कारण नाही; परंतु सोयाबीन घरच्या चुलीवर डाळ म्हणून शिजत नाही, आणि विकून आलेला पैसा डाळीपर्यंत पोचेलच असे नाही. कृषी विद्यापीठाने सोयाबीनच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन ओळी अशा आंतरपिकाची शिफारस केली आहे. ज्यांस एवढे नको असेल त्यांनी एका एकरात तरी हे करावे. पाच माणसांस वर्षास सुमारे दीड क्विंटल डाळ लागते. यांतील निम्मी घरची झाली तरी बाजारावरचा भार हलका होतो.

तूर जानेवारीत निघते तेव्हा भाव पडलेला असतो. तीच तूर विकून टाकावयाची व जूनमध्ये डाळ दुप्पट भावाने आणावयाची, हा व्यवहार दूरच्या गावांत वर्षानुवर्षे चालतो. डाळ करावयाची सोय जवळ नसणे हे त्याचे एक कारण आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने लहान डाळ गिरणी तयार केली आहे. महिला बचत गटाने ती मोठ्या गावी बसविली तर भोवतालच्या पाड्यांची तूर तेथेच भरडली जाईल. तोपर्यंत जाते आहेच. २०२०-२१ साली आदिवासी कुटुंबांस जे खावटी अनुदान देण्यात आले त्यात रोख रकमेबरोबर डाळी, कडधान्ये व तेलही होते. वाण नेमकी कशाची पडते याची जाणीव त्यात दिसते. मात्र अशी मदत दरवर्षी येईल असे धरून चालता येत नाही.

ज्यांच्या विहिरीस मे महिन्यापर्यंत पाणी राहते अशा शेतकऱ्यांनी पाच-दहा गुंठे भाजी उन्हाळ्यात अवश्य करावी. गिऱ्हाईक दूर शोधावयास नको. २०१५ पासून आदिवासी भागातील अंगणवाड्यांत अमृत आहार योजनेखाली गरोदर व स्तनदा मातांस एक वेळचे पूर्ण जेवण देण्यात येते. त्यास भाजी लागते आणि सेविकेस ती बाजाराच्या दिवसाखेरीज मिळत नाही. रोज दोन-तीन किलो भाजीचा हा गावातलाच कायमचा खप आहे. सेविका व आहार समिती यांच्याशी भाव आधी ठरवून घ्यावा, आणि रक्कम उशिरा हाती येण्याची शक्यता धरून आरंभी थोड्या क्षेत्रावर काम सुरू करावे.

धडगाव, अक्कलकुवा, मोखाडा, भामरागड या तालुक्यांतही ही आखणी थोड्याफार फरकाने लागू पडेल. रानभाज्या, स्थलांतराचे महिने व पाणी आटण्याची वेळ प्रत्येक ठिकाणी निराळी असल्याने कृषी सहायकाने गावातील वृद्ध स्त्रियांस प्रथम विचारावे की, भाजी कोणत्या महिन्यांत मिळत नाही. बियाण्याची यादी त्यानंतर करावी.

बियाणे शक्यतो सरळ वाणाचे असावे. संकरित वाणाचे बी पुढील वर्षी तसेच उतरत नाही व पुन्हा पाकिटाची वाट पाहावी लागते. माठाचे चार, चवळी व गवारीची पाच-सहा जोमदार झाडे तोडणीतून वगळून बियांसाठी राखावीत. भोपळ्याचे बी मोठ्या, पूर्ण पिकलेल्या फळातून काढून धुऊन सावलीत वाळवावे. बी चांगले वाळल्यावर त्यात चुलीची चाळलेली कोरडी राख मिसळून लहान गाडग्यात भरावे, तोंड फडक्याने बांधून वर शेणमातीचा लेप द्यावा आणि गाडगे घराबाहेर जाणाऱ्याने मागे राहणाऱ्यापाशी ठेवून जावे.